वार्धक्य, रक्तदाब आणि मेंदूतील पांढरे डाग

(ज्ञातिमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक मेळाव्यात ज्येष्ठांपैकी कोणी तरी चार शब्द बोलावेत असा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे, आणि यंदा ते काम कार्यकारी मंडळाने आमच्यावर सोपविले. आम्ही डॉक्टर नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशा पत्करला आणि सारी हयात मुलांस शिकविण्यात घालविली, एवढीच आमची विद्या. तेव्हा वैद्यकाचा विषय आम्ही का निवडला, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, गेल्या काही वर्षांत आपल्या ज्ञातीतील अनेक घरांतून वडीलधाऱ्यांच्या डोक्याचा एम. आर. आय. काढण्यात आला, आणि तो कागद ‘गुरुजी, यात काय लिहिले आहे ते जरा सांगा’ म्हणून आमच्याकडे आला. इंग्रजी वाचणाऱ्या मास्तराकडे कागद घेऊन जाण्याची आपल्याकडील चाल जुनीच आहे. पूर्वी तार येई, कोर्टाचे समन्स येई, आता एम. आर. आय. येतो.

या कागदांत एक ओळ बहुतेक ठिकाणी सारखीच आढळली. मेंदूच्या श्वेतद्रव्यात बारीक रक्तवाहिन्यांच्या विकाराने झालेले जुनाट बदल दिसतात, आणि ते वयोमानानुसार आहेत, अशा अर्थाची ती ओळ. घरची मंडळी त्यातला ‘वयोमानानुसार’ हा एकच शब्द ऐकतात. तो ऐकला की सर्वांचा जीव भांड्यात पडतो, कागद पिशवीत जातो आणि पिशवी कपाटात जाते. आमचे आजचे सारे भाषण या एका शब्दाविरुद्ध आहे असे समजावे.

प्रथम हे श्वेतद्रव्य म्हणजे काय ते पाहू. मेंदूचा बाहेरचा सुरकुतलेला थर करड्या रंगाचा असतो. विचार, स्मरण, भाषा यांच्या कचेऱ्या त्या थरात आहेत असे माना. परंतु कचेऱ्या नुसत्या असून भागत नाही, त्यांच्यामध्ये टपालाची ये-जा लागते. ते काम करणारे मज्जातंतू या थराच्या खाली दाटीने पसरलेले असतात, आणि विजेच्या तारेवर रबर असावे तसे त्यांतील असंख्य तंतूंवर स्निग्ध द्रव्याचे वेष्टन असते. वेष्टनामुळे निरोप जलद जातो, आणि त्याच्याच रंगावरून या भागास श्वेतद्रव्य हे नाव पडले. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००३ साली या वेष्टित तंतूंच्या लांबीचा अंदाज प्रसिद्ध केला. वीस वर्षांच्या पुरुषाच्या मेंदूतील तंतू एकापुढे एक जोडले तर १ लक्ष ७६ हजार किलोमीटर भरतात. म्हणजे पृथ्वीस चार वेढे घालून वर उरतील. ऐंशीव्या वर्षी ही लांबी ९७ हजारांच्या आसपास येते. स्त्रियांत दोन्ही आकडे काहीसे कमी असतात, परंतु घट त्याच प्रमाणात होते. तेव्हा वय अगदीच निर्दोष आहे, असे आम्ही म्हणणार नाही. वय आपला वाटा घेतेच. आमचा मुद्दा इतकाच की, दुसऱ्याने केलेली चोरी त्याच्या नावावर खपू नये.

हा दुसरा कोण, ते कळण्यासाठी मेंदूस रक्त कसे पोहोचते हे पाहिले पाहिजे. आपल्यापैकी पुष्कळांच्या शेतीस पाटाचे पाणी आहे. पाटाच्या तोंडाशी ज्याचे शेत त्यास भरपूर पाणी, आणि शेपटाकडील शेतकऱ्याने रात्र रात्र बांधावर बसून वाट पाहावयाची, हे आपणांस नव्याने सांगावयास नको. मेंदूच्या आतल्या श्वेतद्रव्याची स्थिती अशी शेपटाकडील शेतकऱ्यासारखी आहे. तेथे जाणाऱ्या धमन्या केसासारख्या बारीक आणि लांब असतात, आणि एकीचे पाणी तुटले तर दुसरीने ते पुरवावे अशी जोडही त्यांस फारशी नसते. रक्ताचा दाब वर्षानुवर्षे अधिक राहिला म्हणजे त्यांच्या भिंती जाड व ताठ होतात आणि आतली वाट अरुंद होते. काही ठिकाणी भिंत झिरपू लागते आणि रक्तातील नको ते घटक मेंदूच्या भागात उतरतात. पुरेसा प्राणवायू न मिळाल्याने तंतूंवरील वेष्टन विरते, मग तंतूही जातात. एम. आर. आय.च्या विशिष्ट चित्रात निरोगी श्वेतद्रव्य करडे दिसते आणि बिघडलेली जागा पांढरीशुभ्र उमटते, हा सामान्य माणसाचा गोंधळ उडविणारा भाग आहे. एका गृहस्थांनी आम्हांस विचारले, ‘श्वेतद्रव्य पांढरे दिसते यात बिघडले काय?’ प्रश्न रास्त होता. तेथे पाण्याचा अंश वाढलेला असतो म्हणून ती जागा चकाकते, असे त्याचे उत्तर आहे.

ही गोष्ट वैद्यांस अलीकडे कळली असे नव्हे. जर्मनीतील येना येथील प्राध्यापक ओटो बिन्सवांगर यांनी १८९४ साली रक्तवाहिन्या कठीण झाल्यामुळे श्वेतद्रव्य झिजलेल्या रोग्यांचे वर्णन केले, आणि ज्यांचे नाव आज स्मृतिभ्रंशाच्या रोगामुळे घरोघरी ऐकू येते त्या आल्झायमर यांनीही १९०२ साली त्याची दखल घेतली. परंतु मृत्यूनंतर मेंदू कापून पाहिल्याखेरीज निदान होत नसल्याने हा विकार दुर्मिळ समजला गेला. १९७१ साली इंग्लंडमध्ये सी. टी. स्कॅन आला, पुढे एम. आर. आय. आला, आणि जिवंत माणसाचा मेंदू पाहता येऊ लागला, तेव्हा हे डाग म्हाताऱ्या माणसांत जागोजाग आढळू लागले. कॅनडातील हाचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली त्यास ‘ल्यूकोअरायोसिस’ असे ग्रीक नाव दिले. त्याचा अर्थ पांढऱ्या भागाचे विरळ होणे. नाव भारदस्त आहे, पण ते नुसते वर्णन आहे, त्यात कारण सांगितलेले नाही.

कारणाचा शोध नेदरलंड्समधील रॉटरडॅमच्या पाहणीने बराच पुढे नेला. १९९५ व १९९६ या वर्षांत ६० ते ९० वयाच्या १,०७७ माणसांच्या मेंदूची चित्रे घेण्यात आली. ही माणसे रुग्णालयातून निवडलेली नव्हती, वस्तीत राहणारी होती. त्यांपैकी अवघी शेकडा ५ माणसे डागांपासून पूर्ण मुक्त निघाली. यावरून कोणी म्हणेल की, सर्वांनाच असतात तर मग चिंता कशाला? परंतु सर्वांच्या डोक्यावर केस असतात म्हणून सर्वांचे केस सारखे नसतात. कोणाच्या मेंदूत मोहरीएवढे दोनचार ठिपके असतात, तर कोणाचा आतला सारा भाग पांढरा झालेला असतो. प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि ज्यांचा रक्तदाब पूर्वीपासून अधिक होता त्यांच्यात हे प्रमाण मोठे आढळले.

तरीही वयाचा वाटा किती आणि दाबाचा किती, हा हिशेब स्वच्छ होण्यास सारख्या वयाची माणसे हवीत. ब्रिटनमध्ये ती मिळाली, आणि ही हकीकत आम्हांस सर्वांत विलक्षण वाटते. १९४६ सालच्या मार्च महिन्यातील एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांची यादी तेथे करण्यात आली होती. पाच हजारांहून अधिक मुले. त्यांची उंची, शाळा, आजार, नोकरी, सारे काही जन्मभर टिपून ठेवले गेले. छत्तिसाव्या, त्रेचाळिसाव्या, त्रेपन्नाव्या आणि पुढच्या वर्षी त्यांचा रक्तदाब मोजण्यात आला. ही मुले सत्तरीच्या घरात आली तेव्हा त्यांतील सुमारे पाचशे जणांच्या मेंदूची चित्रे घेण्यात आली, आणि २०१९ साली निष्कर्ष बाहेर आला. ज्यांचा दाब त्रेपन्नाव्या वर्षी अधिक होता, अथवा त्रेचाळीस ते त्रेपन्न या दहा वर्षांत झपाट्याने चढला होता, त्यांच्या मेंदूत सत्तरीस डाग अधिक होते. जन्मतारखा जवळजवळ एकच, मग वयाकडे बोट कसे दाखविणार? आल्झायमरच्या रोगात मेंदूत जे प्रथिन साचते त्याचा मात्र या दाबाशी संबंध आढळला नाही. म्हणजे ही वाट निराळी आहे, आणि ती चाळिशीत सुरू होते.

या मंडपात मागच्या खुर्च्यांवर जी चाळिशी-पन्नाशीची मंडळी बसली आहेत, त्यांना वाटत असेल की व्याख्यान पुढच्या रांगांसाठी आहे. ते मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे.

आता या डागांनी माणसाचे काय होते ते सांगतो. थोडे असतील तर बहुधा काहीच जाणवत नाही, आणि तशा कागदाने कोणी घाबरून जाऊ नये. तरुण माणसाच्या चित्रातही कधी ठिपके दिसतात. अर्धशिशीसारखी किंवा अन्य कारणे त्यास असतात, ती डॉक्टरांनी ठरवावयाची. परंतु डाग वाढले म्हणजे जे घडते ते लोकांच्या कल्पनेतील म्हातारपणाच्या विसराळूपणाहून वेगळे असते. स्मरण बरेच शाबूत राहते, गती जाते. आमच्या परिचयाचे एक मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांच्यात पालट दिसू लागला. कोणत्या सालच्या तुकडीत कोणता मुलगा कोणत्या बाकावर बसे, हे ते बिनचूक सांगत. पण ज्यांनी वर्षानुवर्षे साऱ्या शाळेचे वेळापत्रक एका बैठकीत आखले, त्यांना सहलीचा खर्च सात माणसांत वाटता येईना. प्रश्न विचारला की उत्तर येई, पण इतक्या उशिरा येई की विचारणारा तोवर दुसऱ्याशी बोलू लागलेला असे. ओल्या सारवणावरून जपून चालावे तसे ते पाय फाकवून, लहान पावले टाकीत चालू लागले. लघवीची घाई होऊ लागली, म्हणून बाहेर जाणे सोडले. पूर्वी वादविवादात रस घेणारा माणूस, कशातच मन नाही असा बसून राही. पत्नीच्या निधनाने खचले, असे सर्वांनी मानले. सून म्हणे, मुद्दाम करतात. शेजारी म्हणत, साठी बुद्धी नाठी. वस्तुतः त्यांना पंधरा वर्षांचा रक्तदाब होता, आणि ‘आता नॉर्मल आला’ म्हणून गोळ्या त्यांनी केव्हाच बंद केलेल्या होत्या. गोळीने दाब नॉर्मल येतो, आणि नॉर्मल आला म्हणून गोळी बंद होते. या न्यायाने छत्री उघडल्यावर आपण भिजत नाही म्हणून भर पावसात ती मिटून टाकावी.

संथपणा, चालण्यातील बदल, लघवीची घाई आणि उदासीनता ही चार लक्षणे एकाच माणसात दिसू लागली तर त्यास हट्ट किंवा म्हातारचळ म्हणू नये, एवढे प्रत्येक घराने ध्यानात ठेवावे अशी आमची विनंती आहे. युरोपातील अकरा केंद्रांनी मिळून ६५ ते ८४ वयाच्या ६३९ माणसांवर तीन वर्षे लक्ष ठेवले. आरंभी ही सर्व माणसे आपले व्यवहार स्वतः करणारी होती. ज्यांच्या मेंदूत सौम्य बदल होते त्यांच्यापैकी दर वर्षी शेकडा सुमारे साडेदहा माणसे परावलंबी झाली अथवा मरण पावली. ज्यांचे बदल तीव्र होते त्यांच्यात हेच प्रमाण शेकडा साडेएकोणतीस पडले. जमिनीचे कागद, बँकेतील सही, मंडळाचे हिशेब, हे सारे व्यवहार ज्या बुद्धीवर चालतात ती बुद्धी अशी गुपचूप ओसरते, आणि घरात त्यावरून भांडणे होतात. वडिलांनी एखादा कागद समजून सही केला की न समजता, यावरून भाऊ भाऊ कोर्टात गेलेले आम्ही आपल्याच ज्ञातीत पाहिले आहेत.

आपल्याकडे एक हिशेब फार प्रचलित आहे. वयात शंभर मिळवावे, तेवढा वरचा दाब ठीक. सत्तरीच्या माणसास एकशे सत्तर चालतात! हा हिशेब कोणा अडाण्याने काढलेला नव्हता, एके काळी मोठमोठे वैद्यही तसे मानीत. वाहिन्या ताठ झाल्या की रक्त पुढे रेटण्यास अधिक दाब लागणारच, तो कमी करणे उलट घातक, अशी त्यांची समजूत होती. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा दाब १९४४ सालच्या मार्चमध्ये १८६ वर १०८ होता. दुसऱ्या महायुद्धाचा निम्मा भार ज्यांच्या शिरावर, त्यांच्या दाबावर तेव्हा खरे औषधच नव्हते. १९४५ सालच्या फेब्रुवारीत याल्टा येथे चर्चिल आणि स्टालिन यांच्यासमवेत ते बसले, आणि १२ एप्रिल रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन मरण पावले. त्या दिवशी दाब ३०० वर १९० मोजला गेला. रूझवेल्ट यांस जे मिळाले नाही ते औषध आज कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळते, आणि आपली मंडळी ते उशाखाली ठेवून देतात.

वयात शंभर मिळविण्याच्या हिशेबास पुराव्याने खोटे ठरविले ते १९९१ साली. अमेरिकेत साठीपुढील ४,७३६ माणसांवर झालेल्या प्रयोगात, ज्यांचा केवळ वरचा आकडा चढलेला होता त्यांस औषध दिले असता पक्षाघाताचे प्रमाण शेकडा ३६ने घटले. ऐंशीपुढील माणसांसही औषधाचा लाभ होतो, हे २००८ सालच्या दुसऱ्या प्रयोगाने दिसले. परंतु आमच्या विषयास अगदी लागू पडणारा प्रयोग अलीकडचा आहे. अमेरिकेतच ९,३६१ माणसांचे दोन गट केले. एका गटात वरचा दाब १४०च्या खाली, दुसऱ्यात १२०च्या खाली आणावयाचा असे ठरले. त्यांपैकी ४४९ जणांची मेंदूची चित्रे सुमारे चार वर्षांच्या अंतराने दोनदा घेतली. सौम्य उपचाराच्या गटात डागांचे आकारमान १.४५ घन सेंटिमीटरने वाढले, कडक उपचाराच्या गटात ०.९२ने. हे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. स्मृतिभ्रंशाच्या आधीची जी सौम्य अवस्था, तीही कडक गटात कमी आढळली. पुऱ्या स्मृतिभ्रंशात मात्र स्पष्ट फरक सिद्ध झाला नाही. उपचार ठरल्याहून लवकर थांबविण्यात आले, हे त्याचे एक कारण सांगतात. मधुमेही आणि पूर्वी पक्षाघात झालेली माणसे या प्रयोगात घेतली नव्हती, हेही सांगणे प्रामाणिकपणाचे होईल.

हे ऐकून उद्यापासून कोणी गोळ्या दुप्पट करू नयेत. उतारवयात दाब फार उतरला, विशेषतः उठून उभे राहताना, तर भोवळ येऊन माणूस पडतो, आणि खुब्याचे हाड मोडले की पुढचे हाल आपण पाहिले आहेत. कोणास किती दाब योग्य, हे त्याच्या डॉक्टरांनी बसता-उभा मोजून ठरवावे. पडलेले डाग बहुधा पुसले जात नाहीत. वाढ मंदावते, हाच लाभ. तो लहान नव्हे.

दाबाखेरीज मधुमेह, धूम्रपान, हृदयाचे अनियमित ठोके, मूत्रपिंडाचे विकार यांचाही या नुकसानीत हात असतो. मधुमेहाविषयी आपल्या संस्थेत पुष्कळ बोलणे झाले आहे, म्हणून त्यात शिरत नाही. तंबाखूविषयी एक शब्द. विडी सोडून मळीव तंबाखू धरली म्हणजे सुटलो, असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि आमच्या माताभगिनींत मिश्री अद्याप आहे. निकोटीन कोणत्याही वाटेने शरीरात गेले तरी ते दाब चढवितेच. मिठाचे म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसास ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी, मीठ पुरे. ‘आम्ही वरून मीठ घेत नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्यांच्या ताटात पापड, लोणचे, सांडगी मिरची आणि फरसाण असते. पापडात तर मिठाबरोबर पापडखारही असतो, आणि त्यातही मिठातलेच सोडियम. पापड आपल्या पंगतीतून कोणी उठवू शकेल असे आम्हांस वाटत नाही. पण ज्यास दाब आहे त्याच्या पानात आग्रहाने दुसरा वाढू नये, इतके यजमानास सहज करता येईल.

सर्वांनी एम. आर. आय. काढावा असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. तो खर्चाचा आहे, आणि सल्ल्याशिवाय काढल्यास लाभापेक्षा धास्तीच अधिक पदरात पडते. खरे काम दाब मोजण्याच्या यंत्राने होते. त्यातही मोजण्याची रीत आहे. जिना चढून धापा टाकीत आलेल्या माणसाच्या दंडास पट्टा बांधून काढलेला आकडा कवडीमोलाचा. आधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नसावी, लघवी करून यावे, पाठ टेकून पाच मिनिटे गप्प बसावे, हात छातीच्या उंचीस टेकलेला असावा, मोजताना बोलू नये, आणि दोनदा मोजावे. गप्प बसणे आपल्या ज्ञातीस सर्वांत अवघड जाईल, असे आमचे निरीक्षण आहे. सरकारनेही हे काम हाती घेतले आहे. २०१७ सालच्या नोव्हेंबरात देशातील पाच राज्यांत रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला त्यात महाराष्ट्र होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाब मोजून मिळतो आणि गोळ्याही मिळतात. तेथे जाण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

आमच्या विनंतीवरून मंडळाने यंदा दोन यंत्रे घेतली आहेत. ज्ञातीतील दोन परिचारिका भगिनींनी बसण्याचे मान्य केले आहे. उद्या सकाळी सात ते नऊ या वेळेत सभागृहाच्या उजव्या बाजूच्या खोलीत त्या दाब मोजतील आणि आकडा एका चिठ्ठीवर तारखेसह लिहून देतील. चाळिशीपुढील प्रत्येकाने यावे. ज्यांस पूर्वीपासून गोळी चालू आहे त्यांनी ती नेहमीप्रमाणे घेऊनच यावे आणि गोळीचे पाकीट बरोबर आणावे. चहाचे पातेले नऊनंतरच उघडावे, असे स्वयंपाकघरात सांगून ठेवले आहे.